घोडा उतरवण्याबाबतचा अर्ज

पिपरी मेघ्यात माझ्या घराचा पत्ता मला कधी सांगावाच लागला नाही. ग्रामपंचायतीनं घराला नंबर दिला होता, पण तो मला पाठ नव्हता आणि ग्रामपंचायतीलाही नसावा. गॅसवाला, कुरिअरवाला, मुलीला बघायला येणारे पाहुणे, सगळे चौकात एकच विचारत, "पिस्तूलवाल्याच्या समोरचे मास्तर कुठं राह्यते?" हे ऐकून दोन पाहुणे चौकातूनच परत गेले. तिसरे आले ते आधी समोर शिरले. तासभर पिस्तुलं पाहिली, तिथंच चहा घेतला आणि माझ्या दारात पाय ठेवेपर्यंत त्यांनी मुलगी पसंत करून टाकली होती. ते जावई आजही सासुरवाडीला आले की पहिला नमस्कार समोरच्या घरी करतात.

समोरचे म्हणजे नानाजी ताकसांडे. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. उंच, वाळलेले, कापसाच्या पऱ्हाटीसारखे. जिनिंगच्या घरघराटात कान गेले होते, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही चार घरांना ऐकू जाई. बायको अन्नपूर्णाबाई म्हणायच्या, "यायले काही गुपित सांगाचं असन तर आधी गल्लीतल्या लोकायले चहा ठेवा लागते."

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक काचेचं कपाट होतं. लोकांच्या अशा कपाटात बाहुल्या, ट्रॉफ्या, लग्नात आलेले न फुटलेले कप असतात. नानाजींच्या कपाटात अकरा पिस्तुलं होती. सगळी इंग्रजांच्या फौजेची, सगळी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची. हातभर लांब, पितळी मुठीची, तोंडातून दारू ठासायची. कपाटाच्या वर बुद्धाची मूर्ती. ज्या जिल्ह्यात परदेशातून माणसं चरखा बघायला येतात, तिथं आमच्या गल्लीत लोक पिस्तुलं बघायला येत.

"बुद्धाच्या पायाखाली बंदुका ठेवते, बह्याड मानूस," अन्नपूर्णाबाई म्हणत.

"तेथंच ठेवा लागते वो," नानाजी गर्जून सांगत. "तेथंच ते चूप राह्यते."

आणि खरंच ती चूप होती. एकाच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. एकाला मूठच नव्हती. एकाची नळी गंजून इतकी चाळणी झाली होती की नानाजी म्हणत, "याच्यातून गोळी नाई जी, फक्त चहा गाळता येते."

या नादाची सुरुवात भंगारात झाली. वडनेरकडच्या एका मालगुजाराच्या नातवांनी वाटण्या केल्या आणि ज्याच्यावरून भांडण होणार नाही असं सगळं सामान भंगारवाल्या तानबाकडे टाकलं. तानबा पितळ वेगळं करायला ते जिनिंगमध्ये घेऊन आला. नानाजींकडे घन होता, शिकंजा होता. नानाजींनी पोत्यात हात घातला आणि पिस्तूल निघालं. त्या दिवशी ते वेगळं झालं नाही. तेवढ्या वजनाचं जिनिंगमधलं जुनं पितळ तानबाला देऊन नानाजी ते पिशवीत घालून घरी घेऊन आले.

मी एकदा विचारलं होतं, "नानाजी, तुम्हाला हे वेड कुठून लागलं?"

तेव्हा ते प्रथमच हळू बोलले. म्हणजे दोनच घरांना ऐकू गेलं. "माहा आजा त्या मालगुजाराच्या गावचा कोतवाल होता, मास्तर. साहेब लोक शिकारीले आले का पिस्तुलाची पेटी आजाच्या डोक्यावर. दहा दहा कोस. पन पेटी उघडाच्या वक्ती त्याले दूर उभा करे. त्याच्या हातानं बाटते म्हने. लोखंड बाटते! जन्मभर डोक्यावर वाह्यलं त्यानं, पन आत काय हाय ते मरेपर्यंत नाई पाह्यलं. मंग म्या म्हटलं, आपून पाहू. आतून पाहू. पार स्क्रू काढून पाहू."

त्यानंतर पंचवीस वर्षं ते स्क्रू काढून पाहत होते. केळझरच्या जत्रेत, पुलगावच्या भंगारात, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर, जिथं म्हणून असं लोखंड असल्याचं कळे तिथं सायकलवर जात. आणायचे, रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, आठवड्यानं एकेक भाग सुटा करून जुन्या धोतरावर मांडायचे. इंग्रजी येत नव्हतं. कळीच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्राच्या, पट्टीवर कोरलेला मुकुट, बाण, साल, मागच्या पायांवर उभा असलेला सिंह, हे सगळं बोटानं वाचायचे. बऱ्याच पिस्तुलांवर 'टॉवर' असं कोरलेलं. कितीतरी वर्षं नानाजींची समजूत होती की टॉवर नावाचा कुणी साहेब असावा आणि तो फार विसराळू असावा. जिथं जाई तिथं पिस्तूल विसरून येई. पुढं मुलीनं त्यांना सांगितलं की तो लंडनचा किल्ला आहे, तिथं पिस्तुलं तपासून छाप मारत. नानाजी हिरमुसले. त्यांना तो विसराळू साहेब आवडू लागला होता.

ती मुलगी म्हणजे काजल.

काजल हे त्यांचं दुसरं अपत्य. मोठा राकेश पुण्याला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. काजलला जन्मापासून सिकलसेल. आमच्याकडे हा आजार समजावून सांगावा लागत नाही; दर चार घरांत एखादं पोर असतं, ज्याला थंडी वाजली की सांधे धरतात, जे शाळेत कमी आणि दवाखान्यात जास्त असतं. काजल तशी होती. बारीक, पिवळसर डोळ्यांची आणि जिभेनं अशी की आपण मास्तर आहोत हे मी तिच्यासमोर विसरत असे. मी तिला एकदा म्हटलं, "काजल, तू मुलीची जात, आयटीआयमध्ये फिटर ट्रेड कशाला घेतलास?" तर म्हणे, "सर, मले रक्त लावाचं मशीन दर महिन्याले पाहा लागते. म्हटलं, एखांदं आपून उघडूनबी पाहू."

दुखणं उठलं की ती अंथरुणात, आणि उतरलं की बापासमोर धोतरावर. तिच्या हातात कानस, बापाच्या हातात भिंग. मी संध्याकाळी ओट्यावर बसून ते बघायचो. बापलेक तासन् तास बोलत नसत. त्याला ऐकू येत नव्हतं आणि तिला दम पुरत नव्हता, जमायचं त्यांचं.

अकरावं पिस्तूल सगळ्यांत देखणं होतं. कंपनी सरकारच्या घोडदळाचं, दारू भरलेली तांब्याची चिमुकली टोपी बसवून उडवायचं. लाकूड शाबूत, पितळ शाबूत, नळी शाबूत. फक्त कळ मेलेली. कळीच्या आत इंग्रजी व्हीसारखी वाकवलेली एक स्प्रिंग असते. तिच्या जोरावर घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा तो वाकडा तुकडा, मागं ताणला जातो आणि चाप ओढला की झेपावतो. ती स्प्रिंगच नव्हती. नानाजींनी जीपच्या कमानपाट्याचा एक तुकडा काजलपुढं टाकला आणि म्हटलं, "बनव."

तिला पाच महिने लागले. त्यातले दोन दवाखान्यात गेले. तुकडा तापवायचा, ठोकायचा, कानशीनं कागदासारखा पातळ करायचा, वाकवायचा, मग पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद करून एकदम गार करायचं. पाणी जास्त झालं तर काचेसारखी तुटते, कमी झालं तर मेणासारखी वाकते. पहिली तुटली. दुसरी वाकली. तिसरी बसवताना तुटली आणि तिचा तुकडा काजलच्या गालाला लागला. चौथ्या वेळी तिनं जवसाच्या तेलात ती स्प्रिंग बुडवून तेल पेटवलं आणि ज्योत विझेपर्यंत बघत बसली. बसवली. अंगठ्यानं घोडा मागं घेतला. चाप ओढला.

टक्.

मी ओट्यावरून ऐकलं. नानाजींना ऐकू गेलं नाही. तिनं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं, "बाबा, तुमी करा." त्यांनी केलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी मान वळवली. म्हणाले, "कानाले नाई आलं, पन मनगटाले आलं."

कळीच्या पट्टीवर आतल्या बाजूला, जिथं इंग्रजांच्या मिस्त्र्यानं आपलं अक्षर कोरलं होतं, तिथं त्या अक्षराशेजारी काजलनं सुईनं 'क' कोरला. "त्यायचा मिस्तरी तसा मीबी."

त्याच हिवाळ्यात ती गेली. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी आणली. तेवीस वर्षांची होती.

त्यानंतर नानाजींनी नवीन पिस्तूल आणलं नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की कपाट उघडायचे, अकरावं काढायचे, एकदा घोडा ताणायचे, एकदा टक् आणि परत ठेवायचे. लोक देवाला हात जोडतात तेवढाच वेळ लागायचा. एक शिस्त मात्र कडक. घोडा ताणलेला ठेवायचा नाही. मला कितीदा सांगितलं असेल, "मास्तर, स्प्रिंगले ताणून ठेवलं का ते मरते. मानूस काय आन् स्प्रिंग काय. काम झालं का उतरवून ठेवा लागते."

आता दसऱ्याचं सांगतो.

आमच्या गल्लीत दसऱ्याला शस्त्रपूजा होते. शस्त्र म्हणजे विळा, पाना, स्कूटर, एकानं तर पाण्याची मोटरही आणून ठेवली होती. पण गल्लीत खरी पिस्तुलं असताना मोटरीची पूजा का करायची, या विचारानं धनंजय दरवर्षी नानाजींकडे यायचा. धनंजय म्हणजे आमच्या गल्लीचं होऊ घातलेलं नेतृत्व. निवडणूक कोणतीही असो, त्याचा बॅनर आधीच लागलेला असे. नानाजी त्याला दहा पिस्तुलं द्यायचे, अकरावं नाही. आणि स्वतः पहाटेच्या गाडीनं पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. संध्याकाळी परत आले की पिस्तुलांवरचं हळदकुंकू पुसत बसायचे. "माह्या पिस्तुलायचं धर्मांतर काही होत नाई," म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला नानाजी नागपूरला गेल्यावर धनंजय पुन्हा आला. "काकू, ते टक् करनारं द्या ना. लवकर आनून देतो."

अन्नपूर्णाबाईंनी दिलं. का दिलं हे त्यांनी नंतर मला शंभरदा सांगितलं आणि शंभरही वेळा मधेच थांबल्या. "लेकरासारखा आला, मास्तर. म्हने, काजलताईनं बनवलेलं हाय ना, सगळ्यायनं पाह्यलं पाह्यजे. मले... मले बरं वाटलं."

पूजा झाली. जिलेबी झाली. मीही होतो. मग धनंजयनं एका पोराच्या बंदुकीतली लाल टिकली घेतली, फटाक्याची, आणि पिस्तुलाच्या टोपीच्या जागी चिकटवली. घोडा ताणला. बॅनरवर असते तशी मान करून हात आभाळाकडं केला. फाट्! टिकली वाजली, धूर निघाला, पोरं ओरडली. दोन जणांनी व्हिडिओ घेतला, त्यात पिस्तूल आणि मनगटापर्यंतचा हात तेवढा आला. दुपारपर्यंत तो व्हिडिओ धनंजयच्या स्टेटसवर होता, खाली वाघाचं चित्र. संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरला आणि आवाज कुणीतरी मोठा करून घातला होता. नानाजी दीक्षाभूमीहून आले तेव्हा घरासमोर पोलिसांची गाडी उभी होती.

ठाणेदार भला माणूस निघाला. त्यानं दुसऱ्या दिवशी नानाजींना अकराही पिस्तुलं घेऊन बोलावलं. मी सोबत गेलो. टेबलावर पिस्तुलं मांडली. साहेबानं एकेक उचललं, कुंभारमाशीचं घर पाहिलं, चाळणीतून खिडकीकडं पाहिलं आणि हसला.

"काका, हे संग्रहालय आहे. कायदा सांगतो, जुनं आणि दुरुस्त न होणारं असेल तर लायसन लागत नाही. मी जबाब लिहिलाय. वाचा, सही करा, घरी जा. त्या पोराला मी बघतो."

नानाजींनी चष्मा लावला. जबाब बोट ठेवून वाचला. एका ओळीवर बोट थांबलं.

"साहेब, हे काय लिवलं? 'अकराही नग निकामी'?"

"हो. निकामी."

"दहा निकामी. एक चालते."

खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. नानाजींचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. साहेबानं दार लोटून घेतलं. "काका, चालते म्हणजे काय? टिकली वाजली. टिकली दगडानंही वाजते."

"दगड हातानं मारा लागते जी. हा घोडा स्प्रिंगनं पडला."

मी त्यांचा हात धरला, "नानाजी, अहो, कागदावर आहे. लिहून द्या आणि चला."

"मास्तर, तुमी व्याकरन शिकवता. निकामीचा अर्थ काय होते?"

मी त्यांचा हात सोडला.

"तीन तुटल्या, चौथी बसली," नानाजी साहेबाकडं वळले. "पाच महिने लागले पोरीले. हात सुजत होते तिचे. आन् म्या कागदावर लिहून देऊ का निकामी हाय? सरकारी कागदावर? साहेब, तुमाले लेक हाय का?"

"आहे."

"मंग तिच्यासाठी तुमी लिवाल?"

साहेबानं जबाबाचा कागद स्वतःकडं ओढून घेतला. मग म्हणाला, "तुम्ही चालते म्हणालात आणि पाच जणांनी ऐकलं, काका. आता मला नाही लिहिता येत."

पंच बोलावले. शिपायानं खात्री करायला घोडा मागं घेतला. घोडा मागं आला आणि अडकला, पूर्ण ताणून. आता उतरवायचा कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं. चाप ओढला तर उडेल म्हणून एक पंच टेबलाखाली गेला. साहेब म्हणाला, "हात लावू नका. आहे तसं बांधा."

"साहेब, रिकामं हाय ते!" नानाजी उठले. "मले द्या. अंगठ्यानं दाबून धराचं, चाप वढाचा, हळू सोडाचं. एक मिनिट. ताणून ठेवू नका जी."

"आरोपीच्या हातात हत्यार देता येत नाही."

आरोपी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा आला. नानाजींनी तो ऐकलाच नाही. ते घोड्याकडं बघत होते. पिस्तूल तसंच कापडात गुंडाळलं, सुतळी बांधली, लाख वितळवून शिक्के मारले. लाखेचा वास सगळ्या खोलीत भरला. "घोडा उतरवा जी, साहेब. घोडा उतरवा." ते आत नेईपर्यंत हेच म्हणत होते.

दोन दिवस ते कोठडीत होते. तिथंही जो भेटेल त्याला हेच. तिथला एक खिसेकापू मला नंतर बसस्टँडवर भेटला. म्हणाला, "मास्तर, त्या बाबाचा घोडा आजारी व्हता का?"

जामीन मी राहिलो. जबाब मात्र दिला नाही. दसऱ्याला तिथं कोण कोण होतं, असं विचारायला शिपाई गल्लीत आला तेव्हा मी आपट्याची पानं वाटण्यात गुंतलो होतो, असं लिहून दिलं. खोटं नव्हतं. पानं मी वाटली होती, व्हिडिओच्या आधी. धनंजयनं लिहून दिलं की काकांनीच स्वतः उडवून दाखवलं, मी फक्त मोबाइल धरला. काकांच्या त्या दिवसाच्या नागपूरच्या तिकिटाची कुणाला आठवण झाली नाही. ज्या लोकांनी दहा वर्षं त्या पिस्तुलांना हळदकुंकू लावलं, तेच ओट्यावर बसून म्हणू लागले, "पन यायच्या घरी पिस्तुलं पाह्यजेतच कायले?" 'यायच्या' या शब्दावर जरा थांबून म्हणायचे. जामीन राहणं जबाब देण्यापेक्षा सोपं असतं, हे मला त्या वर्षी कळलं. आणि एक दिवस गॅसवाला चौकात विचारताना मी ऐकलं, "पाण्याच्या टाकीजवळचे मास्तर कुठं राह्यते?" पंचवीस वर्षांचा माझा पत्ता बदलला होता.

राकेश पुण्याहून आला. बापाशी भांडला. "एक सही करता नाई आली तुमाले?" नानाजींनी कान पुढं केला, जणू ऐकू आलं नाही. पोलिसांनी निकामी म्हणून परत दिलेली दहा पिस्तुलं त्याला विहिरीत टाकायची होती. अन्नपूर्णाबाई कपाटासमोर बसून राहिल्या, दुपारभर. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

वकील म्हणून रक्षाताई भेटल्या. तरुण, चुणचुणीत, काजलपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्याच भेटीत नानाजींना म्हणाल्या, "काका, आपण दोषमुक्तीचा अर्ज करू."

"तो करजो सावकाश. आधी घोडा उतरवाचा अर्ज कर."

रक्षाताईंना वाटलं म्हातारा चळला. मी समजावून सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचं हसू कमी होत गेलं. मग त्यांनी खरंच अर्ज लिहिला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. 'विषय: जप्त मुद्देमालातील पिस्तुलाचा घोडा उतरवण्याबाबत. महोदय, सदर पिस्तुलातील स्प्रिंग ही सतत ताणलेल्या अवस्थेत राहिल्यास तिचे आयुष्य संपुष्टात येते. सबब, न्यायालयाच्या देखरेखीखाली कोणत्याही जाणकार व्यक्तीच्या हस्ते घोडा उतरवण्यात यावा. अर्जदार स्वतः हात लावणार नाही.' शेवटचं वाक्य नानाजींनी सांगून घातलं होतं. आजाच्या नातवानं.

अर्ज नामंजूर झाला. मुद्देमाल जप्तीच्या वेळी होता तसाच राहिला पाहिजे, हे कायद्याला धरूनच होतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा केला. सरकारी वकील म्हणाले, "आरोपीला स्वतःच्या सुटकेपेक्षा घोड्याच्या सुटकेची घाई दिसते." कोर्टात हशा पिकला. नानाजीही हसले, सगळे हसताना दिसले म्हणून. तिसऱ्यांदाही तेच.

त्या तीन वर्षांत मी त्यांना झिजताना पाहिलं. दर तारखेला पांढरा सदरा घालून जायचे. मुद्देमाल ठेवतात त्या खोलीच्या दाराशी, बाहेरच्या बाकावर बसायचे. रोज सकाळी आंघोळ झाली की सवयीनं कपाट उघडायचे आणि बंद करायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, सात वर्सं झाले तिले जाऊन. तवाचं दुख येगळं. ते झालं, संपलं. आता असं वाटते का ती तेथं खोलीत उभी हाय, हात वर करून, आन् कोनी तिले 'बस' म्हनून नाई राह्यलं."

या पावसाळ्याच्या शेवटी तज्ज्ञाची साक्ष निघाली. पिस्तूल कोर्टात आणलं. तीन वर्षांची लाख, धूळ बसून काळी पडलेली. शिक्के तपासले, सुतळी कापली. नानाजी आरोपीच्या जागेवर उभे होते, दोन्ही हात कठड्यावर. कापड सुटलं. घोडा तसाच होता, मागं ताणलेला. नानाजींच्या तोंडून श्वास सुटला.

"यंत्रणा चालू आहे का, दाखवा," न्यायाधीश म्हणाले.

तज्ज्ञानं नळी खाली केली आणि चाप ओढला.

काही झालं नाही. म्हणजे झालं, घोडा हळूच, झोप लागलेल्या म्हाताऱ्याच्या मानेसारखा, पुढं झुकला आणि टेकला. आवाज नाही. तज्ज्ञानं परत मागं घेतला, सोडला. परत तसाच. घोड्यात जीव नव्हता. त्यानं पिस्तूल कानाजवळ नेऊन हलवलं. आत काहीतरी सुटं खुळखुळलं.

"आतली स्प्रिंग तुटलेली आहे, सर. आपोआप तुटलेली दिसते. अशी हातानं केलेली स्प्रिंग ताणून राहिली की..." तो थांबला. "हे शस्त्र निकामी आहे."

रक्षाताईंनी माझ्याकडं पाहिलं. वकील म्हणून त्यांना आनंद व्हायला हवा होता.

पुढचं सगळं भराभर झालं. पंधरा दिवसांत नानाजी सुटले. गल्लीत बातमी गेली, पेढे आले. धनंजय स्वतः हार घेऊन आला, "काका, शेवटी सत्याचा विजय झाला!" नानाजींनी हार घेतला, बघितला आणि अन्नपूर्णाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो गाईला टाकला.

पिस्तूल परत घ्यायला मी आणि नानाजी गेलो. कारकुनानं पावती पुढं केली. छापील ओळीच्या पुढं निळ्या शाईत लिहिलं होतं, 'नग एक, निकामी, परत मिळाला.' खाली सहीची जागा. नानाजींनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं. बोट त्याच शब्दावर थांबलं. मागं रांग होती, कुणीतरी म्हणालं, "बाबा, लवकर करा ना जी."

नानाजींनी सही केली. पूर्ण नाव, वळणदार, पस्तीस वर्षं पगाराच्या रजिस्टरवर करायचे तशी.

बाहेर ऑटो केला. पिस्तूल पिशवीत, पिशवी मांडीवर. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "नानाजी, पाचवी बनवाल? तुम्हाला येते की."

"मले येते," ते म्हणाले. "पन मंग ते माही होईन."

ऑटोवाला नवा पोरगा होता. "कुठं सोडू, काका?"

माझ्या तोंडावर जुना पत्ता आला. पण नानाजी आधी बोलले, नेहमीच्या गर्जनेनं.

"पिपरी मेघे. पाण्याच्या टाकीजवळ."

मग त्यांनी हात पिशवीत घातला. पिशवीच्या कापडातून मला दिसत होतं, अंगठा घोड्यावर होता. मागं घेत होते, सोडत होते. मागं घेत होते, सोडत होते. घर येईपर्यंत ते मनगटाकडं बघत होते.